शेरा

रात्री अकरा ते सकाळी आठ. हिंजवडी, फेज दोन, सहावा मजला.
माझ्या पडद्यावर एक जहाज आहे.
दक्षिणेच्या कुठल्याशा बंदरातून निघालेलं, आखातात जायचंय,
आज एकविसावा दिवस.
त्याला आठ मजले. प्रत्येक मजल्याला तापमान, दमटपणा, अमोनिया,
आणि शेवटच्या रकान्यात नग.
गाय, बैल, कालवड असलं आम्ही काही लिहीत नाही.
नग: दोन हजार चारशे सोळा.

नग कमी होतात. त्यासाठी फिकट पिवळा रंग आहे.
हजारात पाच गेले तरी पिवळाच.
लाल कधी व्हायचं ते करारात ठरलंय,
करार कुलदीप सरांनी वाचलाय.

बंदराने घेतलं नाही. दोघांच्या मानेवर गाठी दिसल्या म्हणे,
लंपी असेल, नसेल.
चार दिवस नांगर टाकून उभं आहे,
किनाऱ्यावरचे दिवे दिसावेत एवढ्या अंतरावर.
जहाज थांबलं की वाराही थांबतो.
पंखे आहेत. चौथ्या मजल्यावरचा एक बंद.
अमोनिया तेहेतीस.

तेहेतीस म्हणजे किती, ते मला आकड्यातून नाही कळत,
नाकातून कळतं.
खडकीच्या गवळीवाड्यात वाढले मी. अण्णांच्या अकरा म्हशी.
मे महिन्यात नळ गेला, गोठा दोन दिवस धुतला नाही,
की तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायचे
आणि अण्णा म्हणायचे, आपल्याला बाहेर पळता येतं गं,
त्यांना दावं आहे.

म्हणून काही अण्णा संत नव्हते.
भाकड झाली की चाकणचा बाजार.
टेम्पोला फळी लावायची, चढेना तर शेपूट पिरगळायची.
ती फळी मी धरलेली आहे.
तेव्हा बोट कोणाकडे दाखवायचं, मला नीट ठरवता येत नाही.
एवढंच, की चाकण तासाभरावर होतं,
आणि घेणाऱ्याला तोंड होतं, पान खाल्लेलं,
त्याच्याशी भांडता यायचं.

पावणेतीनला फोन. जहाजावरचा गुरांचा माणूस, जोसेलितो,
त्याचा आवाज पोचायला दोन सेकंद लागतात.
एक व्यालीय, म्हणाला. चौथ्यावर.
गाभण जनावर चढवायचं नाही असा नियम आहे.
तपासणीच्या कागदावर सही आहे, शिक्काही.

मी रकान्यात दोन हजार चारशे सतरा टाकले.
पडदा म्हणाला, चूक. आकडा वाढू शकत नाही.
परत टाकले.
चूक.
कोणी बनवला असेल हा रकाना? इथलाच कोणी,
वाकडला तिघांत फ्लॅट घेऊन राहणारा पोरगा.
वाटेत काही जन्मूही शकतं
हे त्याला कोणी सांगितलंच नसणार.

अशा वेळी काय करायचं ते जोसेलितोला माहीत होतं,
मलाही. पान एकोणचाळीस.
तरी तो विचारत होता, मॅडम, काय करू?
दोन सेकंद त्याचे, दोन माझे.
आमच्याकडे म्हैस व्याली की पहिला खरवस गल्लीत जायचा,
रोशनआंटीकडून भांडं परत यायचं ते तळाशी साखर घालून.
हे त्याला काय सांगणार.
म्हणाले, सध्या काही करू नका.
तेवढा अधिकार मला नव्हता.

शेऱ्याच्या चौकटीत साठ अक्षरं मावतात. मी लिहिलं:
पाडी झाली. २:४७. उभी राहिली.

आठची कॅब. बाणेरच्या सिग्नलला दुधाचा टँकर शेजारी,
ड्रायव्हरने काच वर केली, वास येतोय का मॅडम?
येत नव्हता. मी हो म्हणाले.

दुसऱ्या रात्री जहाज तिथंच. पंखा चालू, अमोनिया एकोणीस.
नग दोन हजार चारशे नऊ, पिवळे.
शेऱ्याची चौकट कोरी.
कुलदीप सर म्हणाले, ती क्लायंटला दिसते,
तिथे असलं काही लिहीत जाऊ नकोस.
बरं म्हणाले.

जोसेलितोचा फोन आला नाही.
नंबर माझ्याकडे होता.
मीही केला नाही.